दत्तक पालक घरी येतात तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली, की आमच्या वसतिगृहात शहरांतून फोन येऊ लागतात. ‘आम्ही जिचा खर्च उचलतो, त्या मुलीला एकदा बघायला कधी येऊ?’ असा प्रश्न असतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चालणाऱ्या या वसतिगृहाचे काम मी बारा वर्षे पाहते आहे आणि माझे उत्तर ठरलेले आहे. मुलीला बघायला येऊ नका, तिच्या घरी पाहुणे म्हणून या. मुलगी बघायला जाणे या शब्दांना आपल्याकडे एक जुना अर्थ आहे. त्यातही एका मुलीला पाटावर बसवून तिला प्रश्न विचारले जातात, आणि ती पद्धत मला लहानपणापासून कधीच आवडलेली नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटच्या डोंगरातील गावे रिकामी होऊ लागतात, हे आपण जाणताच. मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो आणि टोळी कारखान्यावर निघते, ती उन्हाळा तोंडावर आल्यावरच परत येते. मुले एकतर आईबापांबरोबर जातात, नाहीतर आजी-आजोबांकडे गावात राहून शाळा शिकतात. अशा मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहे आहेत, काही संस्थांची आहेत, आणि संस्थांच्या वसतिगृहांत एकेका मुलाच्या जेवणाचा, कपड्यांचा, वह्यापुस्तकांचा खर्च एखादे शहरी कुटुंब उचलते. त्यांना आपण दत्तक पालक म्हणतो.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या पुण्यात शिकल्या. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत आणि त्यांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. पुण्याची विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण मुलांना आधार देत आली आहे. वारावरच्या जेवणात अपमानही पुष्कळ होते. कित्येकांना ओसरीवर, वेगळ्या पंगतीला बसावे लागे. तरीही देणाऱ्याला घेणाऱ्याचे तोंड रोज दिसत असे. आता पैसे बँकेतून जातात आणि तोंड दिसते ते वर्षातून एकदा, तेही हार-नारळ, स्वागतगीत आणि भाषणांच्या गर्दीत. शाळेतल्या मुलांना उन्हात बसवून पाऊण तास चालणाऱ्या भाषणांविषयी मला फार बोलावेसे वाटते, परंतु आज मला एका भेटीची गोष्ट सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वी पुण्याहून एक निवृत्त बँक अधिकारी सपत्नीक आले. त्यांची मुलगी तेव्हा सहावीत होती. म्हणजे जिचा खर्च ते करीत, ती. गाडीत तिच्यासाठी दप्तर, दोन फ्रॉक, रंगपेटी आणि जाड पुठ्ठ्याची एक मोठी वही होती. वसतिगृहात मुले होती चाळीस, आणि भेटवस्तू एकीसाठी. मी दप्तर आणि फ्रॉक कार्यालयातच ठेवून घेतले, वही तेवढी तिला देऊ दिली. आम्ही कार्यक्रम ठेवला होता, त्यात मुलीने पाठ केलेले आभाराचे भाषणही होते, आणि ते ऐकताना मला स्वतःची लाज वाटली, कारण ते वाक्य न् वाक्य आमच्या शिक्षकांनी लिहून दिलेले होते. मुलीची आजी मात्र कार्यक्रमाला आली नाही. तिने शेजारच्या पोराकडून निरोप पाठवला, ‘पाहुण्यांला म्हणावं, शाळंत मला बोलाया जमत नाही. घरी या, दोन घास खा, मंग बोलू.’

गृहस्थ गाडीपाशी थबकले. ‘बाई, त्यांच्याच घरचे कसे खायचे? त्यांना परवडणार आहे का?’ असे ते हळूच म्हणाले. त्यांचा हेतू चांगला होता. पण मी त्यांना म्हटले, ‘काका, तुम्ही नाही म्हणालात, तर आजींकडे तुम्हाला द्यायला दुसरे काहीच उरत नाही.’ मग ते आले. दगडमातीचे दोन खणांचे घर, शेणाने नुकतेच सारवलेले. आजींनी बाजरीची भाकरी, पिठले आणि लसणाचा ठेचा वाढला, आणि काकूंना तर हातात हात धरून चुलीपाशीच बसवले.

जेवताना काका म्हणाले, ‘आजी, पोरगी हुशार आहे, तिची शाळा मी थांबू देणार नाही.’ आजी भाकरी थापता थापता म्हणाल्या, ‘दादा, तुम्ही पैसे देता, ते खरंच हाय. पर तिची माय तिकडं झोप देती.’

त्याचा अर्थ त्यांनी सावकाश सांगितला, तो मीही तोवर इतका नीट ऐकला नव्हता. ही मुलगी दोन हंगाम आईबापांबरोबर गेली होती, तेव्हा कोपीवर, म्हणजे तोडणीच्या ठिकाणच्या झोपडीवर, पाणी भरणे, भाकरी करणे आणि धाकट्या भावाला सांभाळणे हे तिचेच काम होते. ती शाळेत राहिली, आणि ते सगळे काम आईच्या अंगावर पडले. आई पहाटे तीनला उठून स्वयंपाक करते, पोराला कडेवर घेऊन उसाच्या फडात जाते, त्याला वाढ्यांवर, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पाल्यावर, निजवते, दिवसभर मोळ्या बांधते, आणि रात्री गाडी आली तर पुन्हा भरायला उभी राहते. मुलीच्या शिक्षणाचा मोठा खर्च तिची आई करीत होती, आणि आमच्या कोणत्याही अहवालात तो लिहिलेला नव्हता. श्रोतेहो, मी पुन्हा सांगते, मोठा खर्च आई करीत होती.

काका पुण्याला गेले, आणि आठ दिवसांनी त्यांचा फोन आला, ‘मला तिच्या आईला भेटायचे आहे.’ संक्रांतीच्या सुट्टीत मी आणि मुलीचे आजोबा तिला घेऊन सांगली जिल्ह्यात गेलो. काका-काकू पुण्याहून परस्पर आले. कारखान्याच्या मागच्या माळावर कोप्यांची रांग होती. आई फडातून आली तेव्हा दिवस मावळला होता. तिने लेकीला जवळ घेतले, तिळगूळ घेतला, आणि मग लुगड्याच्या पदराची गाठ सोडून कागदांची एक घडी बाहेर काढली. त्या कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्या होत्या, दिवाळीपासून जपून ठेवलेल्या. कोणत्या खेपेला किती टन भरले, हे मुकादम वाचून सांगे, आणि तो सांगेल ते तिला धरून चालावे लागे. ‘तूच वाच आता,’ ती लेकीला म्हणाली.

मुलीने ती जाड पुठ्ठ्याची वही आणली होती. तिने मागच्या पानावर तारीख आणि वजन असे दोन रकाने आखले, सतरा पावत्या एकेक करून मोठ्याने वाचल्या आणि खाली बेरीज मांडली. कोपीत दिवा नव्हता. काका पाऊण तास गुडघ्यांवर बसून मोबाइलचा उजेड धरून होते. बेरीज मुकादमाच्या आकड्याशी जुळली. आईने ती पुन्हा एकदा करायला लावली, पुन्हा जुळली, तेव्हा तिने पावत्या परत पदरात बांधल्या.

त्या वर्षापासून आम्ही आभाराची भाषणे बंद केली. पाहुणे आधी घरी जातात, जेवतात, मग वसतिगृहात येतात. आणलेला खाऊ सर्वांना वाटला जातो. फोटोंचा नियमही कडक आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसारमाध्यमांत उघड करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने मनाई केली आहे. आमची मुले त्या व्याख्येत बसोत वा न बसोत, आम्ही तोच नियम पाळतो आणि कोणाचेही नाव-गाव फोटोसह बाहेर जाऊ देत नाही. काही देणगीदार यावर नाराज होतात. त्यांनी व्हावे.

मुलगी आता अकरावीत आहे. काकांचा फोन दर महिन्याला येतो. पूर्वी ते पहिला प्रश्न गुणांचा विचारीत. आता हंगामात त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘आईच्या पावत्या आल्या का? वजन जुळले का?’

नमस्कार.