लाल वाटेने शार्लोट तलावाकडे

श्रोतेहो, नमस्कार.

माथेरानला जाऊन आलेल्या माणसाला विचारा, काय काय पाहिलंत? तो पॉइंट मोजायला लागतो. एको, लुईझा, पॅनोरमा... शार्लोट तलाव त्याच्या यादीत असलाच तर शेवटी, "हो, वाटेत एक तळंही लागलं" असा. गेल्या ऑक्टोबरात मी मात्र त्या तळ्यासाठीच गेलो होतो.

दस्तुरी नाक्याला टॅक्सी सोडली. पुढे मोटार जात नाही, हे माथेरानचं मोठंच भाग्य. बाजार ओलांडला, माकडांच्या नजरेला पडू नये म्हणून केळी पिशवीच्या तळाशी ढकलली आणि झाडीत शिरलो. सावकाश चाललं तर बाजारातून तलावापर्यंत पाऊण-एक तास लागतो. जांभूळ, हिरडा, अंजनी. डोक्यावर फांद्यांचं छप्पर असं घट्ट, की ऊन जमिनीवर रुपया-रुपयाएवढंच पडतं. मध्येच वरून कुरतडलेली फळं खाली येतात. मान वर करून थांबलं तर शेकरू दिसतं, लांबलचक झुबकेदार शेपटी फांदीवरून खाली सोडून बसलेलं. आपला राज्यप्राणी तो, पण उतरून भेटायला येत नाही.

पण मला बोलायचंय ते पायाखालच्या मातीबद्दल. ही लाल माती म्हणजे झिजलेला जांभा. खाली सह्याद्रीचा काळा बसाल्ट आहे. हजारो-लाखो वर्षं ऊन-पावसाने तो कुजत गेला, बाकीचं बरंच वाहून गेलं, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं आणि माथ्यावर जांभ्याची टोपी तयार झाली. हा दगड भोकाभोकांचा, जाळीदार. चार महिन्यांचा पाऊस तो पिऊन घेतो. मुरलेलं पाणी खालच्या चिकण थरावर अडतं आणि कडेला कुठेतरी झऱ्यातून बाहेर येतं. आठशे मीटर उंचीच्या, चहूबाजूंनी तुटलेल्या डोंगरावर माणसाला वस्ती करता आली, ती या पाण्यामुळे. 1850 साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून इथे चढला आणि माथेरान 'सापडलं' असं आपण शाळेत शिकलो. ठाकर, कातकरी, धनगर यांना ते हरवलेलं नव्हतंच. मॅलेटच्या नावाचा पॉइंट नाही, झरा आहे. मला ते फार योग्य वाटतं.

वाट उतरते तशी हवा गार होते. आधी पिसारनाथाचं देऊळ, माथेरानचं ग्रामदैवत. घंटा वाजवली आणि बाहेर आलो, तर समोर तलाव. आकाराने फार मोठा नाही. मुंबईकराने विहार-तुळशी डोळ्यांपुढे आणले तर निराश होईल. पण बांधावर उभं राहून पाहा. एका हाताला शांत, हिरवट पाणी, त्यात झाडांची पडछाया. आणि दुसऱ्या हाताला जमीनच संपलेली. खाली थेट दरी. भर पावसात तलाव भरला की जास्तीचं पाणी या बाजूने कड्यावरून कोसळतं. पाहायला गर्दी होते, आणि नेमके तेव्हाच दगड शेवाळाने गुळगुळीत झालेले असतात. तेव्हा फोटोसाठी कडेला जाऊ नका. पाण्यातही उतरू नका. तळ फसवा आहे, आणि हे गावाच्या पिण्याचं पाणी आहे.

मी तासभर बसलो. केळी खाल्ली, साली पिशवीत भरल्या. एका खंड्याने पाण्यात सूर मारला आणि चोच रिकामी घेऊन परत आला. दोनदा.

परतीची वाट चढाची आहे, हे येताना लक्षात येत नाही. देवळापाशी एका घोडेवाल्याने विचारलं, "सोडू का काका बाजारात?" मी तोऱ्यात म्हटलं, "नको हो, चालायलाच आलोय." दहा मिनिटांनी श्वास घ्यायला थांबलो आणि हळूच मागे वळून पाहिलं. घोडाही नव्हता, घोडेवालाही नव्हता.