खेळातली केळी आणि मॉडची वही

जळगाव जिल्ह्यात केळीविषयी बोलण्याचे धाडस मी एरवी केले नसते. पण ‘स्टारड्यू व्हॅली’ या शेतीच्या खेळात केळीचे रोप 28 दिवसांत वाढते आणि हंगाम असेतोवर रोज एक फळ देते, हे ऐकून रावेर-यावलकडच्या मंडळींच्या चेहऱ्यावर आत्ता जे हसू उमटले, तिथूनच मॉडची, म्हणजे खेळाडूंनीच खेळात केलेल्या बदलाची, सुरुवात होते. खेळातल्या मुख्य शेतावर ही केळी फक्त उन्हाळ्यात फळते. मृगबाग आणि कांदेबाग हे केळी लागवडीचे दोन्ही हंगाम पाहत वाढलेल्या आमच्या एका विद्यार्थ्याला ते पटले नाही, म्हणून त्याने हंगाम बदलणारा छोटा मॉड लिहिला. घड एकदाच येतो आणि पुढचे पीक पिलावर, म्हणजे बुंध्यालगत फुटलेल्या नव्या कोंबावर, घेतात, हे मात्र त्याला खेळाला शिकवता आले नाही. त्यासाठी नुसती माहिती बदलून भागत नाही, प्रोग्रामच लिहावा लागतो.

पुढे 19 मार्च 2024 रोजी खेळाची 1.6 आवृत्ती आली आणि फळझाडांच्या माहितीची मांडणीच बदलली. पूर्वी झाडाचे सारे गुण तिरक्या रेघांनी तोडलेल्या एका ओळीत असत. आता प्रत्येक गुणाला स्वतंत्र नाव मिळाले, आणि आमच्या विद्यार्थ्याला आपला मॉड नव्याने लिहावा लागला. मॉड खेळाच्या एका ठरावीक आवृत्तीकडे पाहून लिहिलेला असतो, आणि खेळ बदलताना त्याला कोणी विचारत नाही.

‘स्कायरिम’ या दुसऱ्या खेळाची गोष्ट याहून कठीण. तिथले कित्येक मॉड ‘स्क्रिप्ट एक्स्टेंडर’ नावाच्या साधनावर उभे असतात आणि ते साधन खेळाच्या मुख्य फाइलमधले नेमके पत्ते, म्हणजे कोणता भाग कुठे आहे त्या जागा, धरून चालते. नोव्हेंबर 2021 मधल्या अपडेटने ते पत्ते सरकले, तेव्हा ज्यांचा खेळ आपोआप अद्ययावत झाला, त्यांचे आदल्या रात्रीपर्यंत नीट चालणारे मॉड सकाळी बंद पडले. म्हणूनच स्टीमवर, म्हणजे जिथून खेळ विकत घेतो आणि चालवतो त्या सेवेवर, ‘खेळ सुरू करतानाच अपडेट करा’ ही निवड आधी करून ठेवावी. अपडेट त्याने कायमचे टळत नाही, पण तयारीला अवधी मिळतो.

त्या अवधीत करायचे पहिले काम म्हणजे सेव्हची, अर्थात जतन केलेल्या खेळाची, प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवणे. स्टारड्यूच्या 1.6 मध्ये पुढे गेलेला सेव्ह 1.5 मध्ये परत नेता येत नाही, त्यामुळे ही प्रत हाच मागे फिरण्याचा मार्ग. नंतर मॉड चालवणारे मूळ साधन, स्टारड्यूच्या बाबतीत ‘स्मापी’, अद्ययावत करावे. मग ज्यांच्यावर इतर मॉड विसंबून आहेत ते पायाचे मॉड, आणि शेवटी बाकीचे. कोण कोणावर विसंबून आहे, हे प्रत्येक मॉडच्या ‘मॅनिफेस्ट’ फाइलमध्ये लिहिलेले असते, पण ती फाइल उघडून पाहणारा मला क्वचितच भेटतो. तिथला आवृत्तीचा आकडा दशांश अपूर्णांक समजू नये: 1.10 ही 1.9 च्या नंतरची आवृत्ती आहे. आमच्याकडे अभियांत्रिकीची मुलेही इथे चुकतात.

मी साधी वही ठेवतो. मॉडचे नाव, आवृत्ती, कोणत्या तारखेला टाकला आणि कशासाठी टाकला, एवढेच तिच्यात असते. शेवटचा रकाना विनोदी वाटेल, पण सहा महिन्यांनी निम्म्या मॉडपुढे ‘कशासाठी’ याचे उत्तर आपल्यालाच सापडत नाही. तरी असा मॉड घाईने काढू नये, कारण त्याने दिलेली वस्तू सेव्हमध्ये असेल तर तिच्या जागी ‘एरर आयटम’ उरते. आधी ती वस्तू खेळातून काढावी, मग मॉड.

एवढे करूनही खेळ बंद पडला, तर प्रथम लॉग, म्हणजे खेळ चालताना आपोआप होणारी नोंद, वाचावा. लाल अक्षरांत बहुधा दोषी मॉडचे नावच असते. नसेल, तर निम्मे मॉड बाजूला काढून खेळ चालवून पाहावा. चालला तर दोष बाजूला काढलेल्यांत, नाही चालला तर उरलेल्यांत. मग दोषी अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. 64 मॉडमधला एक दोषी या रीतीने सहा फेऱ्यांत सापडतो. मात्र अर्धे करताना पायाचा मॉड एकीकडे आणि त्याच्यावर उभा असलेला दुसरीकडे गेला, तर निराळीच चूक दिसू लागते, म्हणून अशी जोडी तोडू नये. आणि भांडण दोन मॉडमधले असेल, तर दोन्ही अर्धे वेगवेगळे नीट चालतात आणि एकत्र आले की पुन्हा अडतात; तेव्हा वहीतल्या तारखा पाहून सगळ्यात अलीकडे टाकलेल्या मॉडपासून एकेक मागे जावे.