रस्ता कडेपासून मोजा

(आयर्विन पूल, सकाळ)

1929 मध्ये हा पूल खुला झाला तेव्हा सांगलीत मोटारी मोजक्याच होत्या. बैलगाड्या, टांगे आणि पायी चालणारी माणसं, हीच पुलाची वाहतूक. आज सकाळीही बघा: सांगलवाडीकडून दुधाचे कॅन लावलेल्या सायकली येतायत, फिरायला निघालेली मंडळी कठड्याच्या कडेनं चाललीयत. दहा वाजले की हीच माणसं गाड्यांच्या मधून वाट काढतात. त्यांना सलग पादपथ आणि सायकल मार्ग का मिळत नाही, ते बघू.

सांगली सपाट आहे. साताऱ्यात राजवाड्याकडे जाताना दम लागतो. इथं रेल्वेचे पूल सोडले तर गणपती पेठेपासून मिरजेपर्यंत सायकलवरून उतरावं लागेल असा चढ नाही. सायकलसाठी याहून सोयीची जमीन मिळणार नाही.

(पुलाची पाणीपातळी दाखवणारे आकडे)

या पुलापाशी कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा, 45 वर धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 2005 चा पूरही अजून कुणी विसरलेलं नाही. गावठाणात पाणी शिरत गेलं आणि नवी वस्ती पूर्वेकडे, विश्रामबाग, विजयनगरच्या बाजूला वाढत गेली. बाजार मात्र मारुती चौक, हरभट रोड, कापड पेठेतच राहिला. 1998 मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली. एकाच शहरात घर इकडे, दुकान तिकडे, कॉलेज आणखी तिसरीकडे, अशी रोजची ये-जा सुरू झाली. चालत जाण्याजोगं अंतर सायकलचं झालं आणि सायकलचं अंतर मोपेडचं.

(हरभट रोड, दुपार, गटारीवरच्या फरश्या)

आता खाली बघा. याला आपण फुटपाथ म्हणतो. खाली गटार, वर सिमेंटच्या फरश्या. एक फरशी वर, एक खाली, एक गायब. मध्येच विजेचा खांब, पुढे दुकानाची पायरी. हे असं का होतं, ते समजायला कागद बघावा लागतो.

रस्त्याचं काम मागणीपासून सुरू होतं. प्रभागातून मागणी येते, अभियंता मोजमाप घेतो, दरसूचीवरून, म्हणजे कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीवरून, खर्चाचं इस्टिमेट तयार होतं. मग तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि शेवटी काम सुरू करायचा कार्यादेश. पैसा कधी महापालिकेच्या अंदाजपत्रकातून, कधी जिल्हा नियोजन समितीकडून, कधी राज्याच्या नगरोत्थान अभियानातून, कधी वित्त आयोगाच्या अनुदानातून. प्रत्येक निधीच्या अटी वेगळ्या, खर्चाची मुदत वेगळी. आणि या साखळीत पादपथ येतो तो रस्त्याच्या कामातली एक बाब म्हणून. आधी डांबर, मग डिव्हायडर, मग गटार, आणि उरलं तर पेव्हिंग ब्लॉक. रक्कम मंजुरीच्या वर गेली की कात्री कडेला लागते, कारण कडेचं काम कमी केलं तरी रस्ता 'पूर्ण' म्हणून दाखवता येतो. ब्लॉक बसलेच, तर वर्षभरात पाइपलाइनसाठी किंवा केबलसाठी खोदाई होते. खोदणारा वेगळा, बुजवणारा वेगळा. त्यात सगळे रस्ते महापालिकेचेही नाहीत. काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे, मिरजेतून तर राष्ट्रीय महामार्ग जातो. एका चौकात दोन मालक असले की पादपथ चौकाच्या अलीकडेच संपतो. चौक ओलांडायचा कसा, हे मग कुणाच्याच नकाशात नसतं.

या चुकीला नाव आहे: रस्ता मधून मोजला जातो. मधल्या रेषेपासून गाड्यांची जागा आखायची आणि कडेला उरेल ते माणसांना.

(शंभर फुटी रस्ता, संध्याकाळ)

उलटं मोजून बघू. शंभर फूट म्हणजे साधारण साडेतीस मीटर. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शिकेनुसार पादपथाला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी. दोन्ही बाजूंचे मिळून 3.6. सायकलसाठी दोन्हीकडे दोन-दोन मीटर, म्हणजे 4. गाड्यांना साडेतीन मीटरच्या चार लेन, 14. बेरीज 21.6. म्हणजे पूर्ण रुंदी मोकळी मिळाली तर जवळपास नऊ मीटर शिल्लक राहतात. झाडं, दिवे, बस थांबे, पार्किंग, भाजीच्या गाड्या, सगळ्यांना पुरतील एवढे. जागा आहे. ती आज गॅरेजसमोर उभ्या गाड्यांनी धरलीय.

भाजीवाल्या मावशींना उठवून पादपथ मोकळा होत नाही, त्या दुसऱ्या दिवशी परत येतात, त्यांचं पोट तिथं आहे. 2014 च्या फेरीवाला कायद्यानं सर्वेक्षण आणि शहर फेरीवाला समिती सांगितलीय. समितीनं जागा ठरवली आणि पादपथाच्या आराखड्यातच ती आखली, तर दोघांचंही निभतं.

पुण्यानं 2016 मध्ये पादचारी धोरण आणि 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. पण तिथले आधीचे सायकल ट्रॅक जिथं मोठा रस्ता झाला तिथंच झाले आणि एकमेकांना जोडलेच गेले नाहीत. सांगलीनं तुकड्यानं सुरुवात करू नये. एकच सलग मार्ग घ्यावा: एसटी स्टँड, विश्रामबाग, मिरज. वाटेत विलिंग्डन कॉलेज आहे, वालचंद कॉलेज आहे, मिरजेत दवाखाने आहेत. चालणारी आणि सायकलवाली माणसं आधीच या रस्त्यावर आहेत.

(रस्ता ओलांडणारे आजोबा, शाळा सुटलेली मुलं)

दरम्यान माणसं पडतात, हाडं मोडतात, आणि पालक मुलांच्या सायकली घरी ठेवतात.

14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अडथळ्याविना पादपथ वापरणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. हक्क मान्य झाला, पण त्याला पैसा लागतो. म्हणून आमची मागणी साधी आहे: अंदाजपत्रकात पादपथ आणि सायकल मार्गाला स्वतःचं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं वेगळं खातं हवं, देखभालीच्या तरतुदीसह, आणि ती रक्कम दुसरीकडे वळवता येऊ नये. रस्ता खोदणाऱ्यानं पादपथ होता तसा करून द्यायचा, तोपर्यंत त्याची अनामत परत मिळायची नाही.

तुमच्या प्रभागातल्या रस्त्याचं इस्टिमेट माहितीच्या अधिकारात मागता येतं. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. कागद हातात आला की त्यात पादपथाची रुंदी किती लिहिलीय ते वाचा, मग टेप घेऊन रस्त्यावर जा आणि कडेपासून मोजा.