बोट थांबतं तिथं

(नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मघाशी फोन बंद ठेवायची विनंती झाली तेव्हा मी इथून बघत होतो. पहिल्या रांगेतल्या चौघांनी फोन बंद केलेच नाहीत, पालथे करून मांडीवर ठेवले. मीही तेच केलंय. माझा इथं पाण्याच्या तांब्याशेजारी पालथा पडलाय. तेव्हा उपदेश करायचा अधिकार माझ्याकडे नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझा मेहुणा निफाड तालुक्यात द्राक्षं करतो. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, मार्च महिना. माल अजून आठ दिवस वेलीवर ठेवायचा होता. रात्री जेवून आडवा झाला आणि फोन हातात घेतला. एक व्हिडिओ आला. कुठल्याशा बागेत गारांचा खच, घड मातीत लोळतायत, कोणीतरी हुंदके देत बोलतंय. तो थांबला. थांबणारच. बागायतदार गारा बघून पुढे जाईल कसा? मग दुसरी गारपीट आली, तिसरी आली. रात्री दीड वाजेपर्यंत त्याच्या अंथरुणात गारा पडत होत्या. त्यातल्या एका व्हिडिओत मागे सफरचंदाची झाडं होती, हे त्याला दुसऱ्या दिवशी आठवलं! सकाळी सहाला त्यानं व्यापाऱ्याला फोन लावला आणि किलोमागे चार रुपये कमी घेऊन बाग देऊन टाकली. त्या आठवड्यात त्याच्या शिवारात गार पडली नाही. रात्रीही आभाळ स्वच्छ होतं, पण अंगणात येऊन वर बघायचं त्याला सुचलं नाही.

आता यात अल्गोरिदमनं, म्हणजे फोनवर तुम्हाला पुढे काय दाखवायचं ते ठरवणाऱ्या गणितानं, नेमकं काय केलं? माझा मेहुणा भित्रा आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. गार म्हणजे काय, हेही नाही. इतर व्हिडिओंवर तीन सेकंद टिकणारं बोट इथं चाळीस सेकंद थांबलं, एवढीच नोंद झाली. माणूस आवडलं म्हणून थांबतो, धास्तावून थांबतो, चीड येऊन थांबतो. नोंदीत मात्र नुसतं थांबणं उतरतं, आणि थांबला म्हणजे त्याला हवंय, असा हिशेब धरला जातो. माझ्या मते सगळी गोम इथं आहे.

आपल्याकडे हे समजायला अवघड नाही. लासलगावचा कांद्याचा लिलाव बघा. ट्रॅक्टर रांगेनं उभे असतात, व्यापारी ट्रॉलीत हात घालून दोन-चार कांदे उचलतो आणि बोली बोलतो. तुम्ही फोन उघडता तेव्हा शेकडो पोस्ट अशाच रांगेत उभ्या असतात. प्रत्येकीबद्दल अंदाज बांधला जातो: हा माणूस लाइक करेल का, काही लिहील का, पुढे पाठवेल का, शेवटपर्यंत बघेल का. प्रत्येक अंदाजाला ठरावीक वजन, त्यांची बेरीज, आणि जिची बेरीज मोठी ती वर. आता प्रश्न असा की वजनं कोण ठरवतं?

तर ऐका. फेसबुकनं २०१७ मध्ये लाइकच्या पाचपट वजन इमोजीच्या प्रतिक्रियांना दिलं. त्यात प्रेमाचं बदाम होतं, तसा रागानं लाल झालेला चेहराही होता. म्हणजे तुम्ही संतापून तो चेहरा दाबला की ती पोस्ट आणखी लोकांपुढे जायला तुमचाच हातभार! रागाचे चेहरे गोळा करणाऱ्या पोस्टमध्ये खोटी आणि विखारी माहिती जास्त सापडते, हे कंपनीच्याच अभ्यासकांना दिसलं. रागाचं वजन टप्प्याटप्प्यानं उतरवत २०२० मध्ये शून्यावर आणलं. फ्रान्सिस हॉगन या माजी कर्मचारी बाईंनी २०२१ मध्ये कागदपत्रं बाहेर काढली, म्हणून हे आपल्याला कळलं. लासलगावात माल-भावावरून वाद झाला तर वांधा तरी काढता येतो. इथं काटा कुठं ठेवलाय तेच दिसत नाही.

माणसाच्या मनावर याचा परिणाम होतो का? जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकनं एक आठवडा ६ लाख ८९ हजार लोकांवर प्रयोग केला, त्यांना वेगळं न विचारता. काहींच्या पुढ्यातल्या आनंदी पोस्ट कमी केल्या, काहींच्या दुःखी. आनंदी पोस्ट कमी दिसलेल्या लोकांच्या स्वतःच्या लिहिण्यातही आनंदाचे शब्द घटले. २०१४ मध्ये हे छापून आलं तेव्हा गदारोळ झाला. पण परिणाम केवढा? हजार शब्दांमागे एखाद्या शब्दाचा. हे सांगायला लोक विसरतात, कारण मग व्याख्यान रंगत नाही.

दुसरंही सांगतो. २०२० च्या अमेरिकन निवडणुकीच्या वेळी संशोधकांनी काही जणांचं हे गणित तीन महिने बंद ठेवलं. पोस्ट नुसत्या ताज्या आधी, या क्रमानं. लोक फेसबुकवर कमी वेळ रमले, पण त्यांची राजकीय मतं फारशी हलली नाहीत. तेव्हा घरातली सगळी भांडणं अल्गोरिदमच्या माथी मारू नका. त्यातली बरीच आपली आपण आणलेली असतात.

मला स्वतःला मतांपेक्षा रात्रीची काळजी जास्त वाटते. मत बनायला वर्षं जातात. घाबरून सौदा करायला एक रात्र पुरते.

मेहुण्यानं मग गारांचे व्हिडिओ दिसले की ‘यात रस नाही’ दाबायला सुरुवात केली. थोडे कमी झाले, म्हणाला. यंदाच्या मार्चमध्ये रात्री अकराला त्याचा फोन आला. “दाजी, तुमच्याकडं आभाळ आलंय का?” मी चपला घालून गच्चीवर गेलो. म्हटलं, पांडवलेण्याच्या डोंगरावर चांदण्या दिसतायत. तो म्हणाला, थांबा, मीही बाहेर येऊन बघतो.