क्रँकचा चिकटवलेला जोड

चढावर सायकलस्वार उभा राहतो, तेव्हा अंगाचा जवळपास सगळा भार एका पेडलवर येतो. नेमका तेव्हाच क्रँक, म्हणजे पेडल धरणारा दांडा, उकलला, तर सावरायला वेळच मिळत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने ड्युरा-एस आणि अल्टेग्रा या तिच्या मालिकांचे ११-स्पीड (मागे अकरा गिअर असलेल्या सायकलींचे) क्रँक तपासणीसाठी परत बोलावले. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ लाख ८० हजार. क्रँक सुटल्याच्या ४,५१९ घटना तोवर नोंदल्या गेल्या होत्या आणि सहा जण जखमी झाले होते. काहींची हाडं मोडली.

हा क्रँक आतून पोकळ असतो. ॲल्युमिनियमचे दोन भाग कडेने चिकटवून तो बनतो. हलका आणि ताठ, पण जोड धरून आहे तोवरच. घाम किंवा पावसाचं पाणी त्या रेषेत शिरलं की आत गंज धरतो आणि पकड सुटू लागते. वरचा भाग मात्र चकचकीतच दिसतो. म्हणूनच याची भीती जास्त.

क्रँकच्या मागच्या बाजूला, पेडल बसतं तिथे, दोन अक्षरं कोरलेली असतात. पहिलं वर्षाचं, दुसरं महिन्याचं. केएफ म्हणजे जून २०१२, आरएफ म्हणजे जून २०१९. कोड या दोन्हींच्या दरम्यानचा आणि मॉडेल एफसी-६८००, ९०००, आर८०००, आर९१०० किंवा आर९१००पी असेल, तर अधिकृत विक्रेत्याकडून तपासून घेईपर्यंत सायकल बाहेर काढू नका.

तपासणी क्रँक उतरवूनच व्हायला हवी. डाव्या क्रँकचे दोन बोल्ट ५ मिमी ॲलन कीने सैल करायचे, क्रँकच्या बाहेरच्या तोंडावरची टोपी काढायची, क्रँक ओढून घ्यायचा. मग उजवा क्रँक शाफ्टसकट बाहेर येतो. चेनरिंग, म्हणजे चेन फिरवणारी दातेरी चकती, धरणाऱ्या हातांची मागची बाजू नीट बघा. वंगण आणि धूळ तिथेच साचते, आणि त्या काळ्या थराखाली केसाएवढी फट सहज लपते. डिग्रीझरने पुसून कोरडं करा, टॉर्च तिरका धरा आणि जोडाच्या रेषेवरून सावकाश फिरवा. फट, पांढुरका गंज, उचललेला रंग, यातलं काहीही दिसलं तर क्रँक बाद. पुन्हा चिकटवायचा विचारही नको.

बसवताना टोपी हलकीच, ०.७ ते १.५ न्यूटन-मीटर. मग क्रँक निसटू न देणारी छोटी सुरक्षा पट्टी जागेवर ढकलून दोन्ही बोल्ट आलटून पालटून १२ ते १४ पर्यंत, टॉर्क रेंचनेच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानेच.

तपासणीत पास झालेल्या क्रँकमध्येही पाणी पुढे शिरू शकतं. पेडल मारताना नवा कर्रकर्र आवाज आला, तर तो बॉटम ब्रॅकेटचा, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या बेअरिंगचा, असेल असं धरून चालू नका. थांबा, उतरा आणि क्रँक पुन्हा काढून बघा.