एका गावाची तीन ठिकाणं

नमस्कार श्रोतेहो. आज आपण इराणमधल्या मेयमंद या लहानशा फारसीभाषक गावाकडे वळू या. केरमान प्रांतात, शहर-ए-बाबकपासून सुमारे 35 किलोमीटरवर, डोंगरदरीच्या टोकाशी हे गाव आहे. मऊ खडकात खोदलेली घरं हीच याची ओळख. आत चूल पेटते आणि भिंती काजळीनं काळ्याभोर होतात. वस्ती काही शेंच्या पलीकडे नाही.

कागदावर या गावाचा पत्ता सरळ आहे. केरमान हा ओस्तान, म्हणजे प्रांत. त्यात शहर-ए-बाबक हे शहरेस्तान, म्हणजे जिल्हा, त्याचा मध्यवर्ती बख्श, म्हणजे तालुक्यासारखा भाग, त्यात मेयमंद देहेस्तान, म्हणजे गावांचा गट, आणि त्या देहेस्तानात हे गाव. प्रांतावर ओस्तानदार, शहरेस्तानावर फर्मानदार, बख्शावर बख्शदार, सगळे तेहरानच्या गृहखात्याच्या साखळीतले. गावपातळीवर मात्र लोकांनी निवडलेली शूरा, म्हणजे परिषद असते. या परिषदांची पहिली निवडणूक 1999 मध्ये झाली. गावाचा रोजचा कारभार पाहतो तो देहयार.

आता माणसांची गोष्ट. इराणची पहिली देशव्यापी जनगणना 1956 ची. त्या वेळी दहापैकी जवळजवळ सात माणसं खेड्यात राहायची. 2016 च्या गणनेत चित्र उलटं झालं होतं, दहापैकी सातांहून अधिक शहरात. मेयमंदची तरुण पोरंही त्याच वाटेनं निघाली. याच शहरेस्तानात मीदुकची तांब्याची खाण आहे, मग बकऱ्यांमागे डोंगर कोण चढणार?

पण मला वाटतं, मेयमंदची खरी अडचण वेगळीच आहे. हे गाव एका जागी राहतच नाही! हिवाळाभर माणसं खडकातल्या घरांत. थंडी सरता सरता कळप घेऊन दक्षिणेकडच्या माळावर, सर-ए-आगोलला, तिथे जमिनीत अर्धी पुरलेली गोल घरं. उन्हाळ्यात आणि पुढे शरदाच्या सुरुवातीपर्यंत हंगामी ओढ्यांकाठच्या बागांत, सर-ए-बागला. तिथल्या घरांना नुसत्या दगडांच्या रचलेल्या भिंती आणि वर गवताचं छप्पर. आपल्याकडे मेंढरं घेऊन देशावरून कोकणात उतरणारे धनगर ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे चटकन उमजेल.

मग गणना करणाऱ्यानं मोजायचं कुठे? 2006 आणि 2011 च्या गणना आबान महिन्यात झाल्या, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीपासून पुढे. बागांतून परतायचे ते दिवस. त्याच गावात जूनमध्ये जाल, तर खडकातली बरीचशी दारं बंद दिसतील. त्यामुळे गाव ओस पडलं, असं चटकन म्हणणाऱ्यांशी माझं मुळीच जमत नाही. माणसं घटली हे खरंच आहे, पण बंद दार म्हणजे गेलेलं कुटुंब नव्हे.

कायदा मात्र या बाबतीत शहाणा निघाला. प्रशासकीय विभागणीचा 1983 चा कायदा सांगतो की गाव म्हणायला किमान 20 कुटुंबं किंवा 100 माणसं हवीत, मग ती एकवटलेली असोत की विखुरलेली. त्या ‘विखुरलेली’मध्ये अशा गावांना जागा मिळते. आणि 2015 मध्ये युनेस्कोनं मेयमंदला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा नुसती गुहाघरं नोंदवली नाहीत. माळ, बागा आणि तिथली हंगामी घरं, सगळा परिसर मिळून एक सांस्कृतिक भूदृश्य म्हणून नोंदवला.