र. कृ. जोशी: उल्का ते 'मंगल'

संगणकावर मराठी टायपिंगची परीक्षा कुणी कुणी दिलीय? बरेच हात वर आहेत! मग र. कृ. जोशींशी तुमची जुनी ओळख आहे, नाव ऐकलेलं नसलं तरी. विंडोजमधला 'मंगल' फाँट त्यांचा. वेलकमग्रुप या हॉटेलांच्या साखळीच्या बोधचिन्हातले जोडलेले हातही त्यांचेच. मुंबईच्या जे. जे. कलामहाविद्यालयात शिकलेला, मराठीत कविता करणारा हा माणूस आधी डी. जे. कीमर या जाहिरातसंस्थेत होता आणि मग वीसेक वर्षं उल्का या जाहिरातसंस्थेत कला दिग्दर्शक होता. माझं म्हणणं असं, की 'मंगल'ची तालीम उल्कातच झाली. ते सांगतोच, पण आधी एक गाऱ्हाणं.

जाहिरातींची भाषांतरं करून मी पोट भरलंय. इंग्रजी जाहिरात तयार होते, गिऱ्हाईक ती पास करतं आणि संध्याकाळी ती आमच्यापुढे येते: 'सकाळी मराठी द्या.' मथळ्याची पट्टी रोमन अक्षरांच्या मापाने आखलेली. तिथे वेलांटी, रफार, उकार यांना जागा कोण ठेवणार? एकदा चष्म्यांची जाहिरात होती, मथळ्यात 'दृष्टी' शब्द. खाली ऋकार, वर वेलांटी, ष्टचा ट पायाशी. मावेना, म्हणून अक्षरं वरून दाबली. ट खालच्या ओळीत घुसला. मी म्हटलं, पट्टी वाढवा. 'ती पास झालीय,' असं उत्तर मिळालं. छापून आली तशीच. जाहिरात दृष्टीची, आणि वाचताना डोळे ताणायचे! हसताय, पण मला आजही त्याचा राग येतो. आपली लिपी काय पाहुणी आहे, उरलेल्या खुर्चीवर बसायला? छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांच्या काळात मात्रा तुटायच्या, ती धातूची अडचण होती. ही अडचण मनातली आहे.

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत. तर मुद्दा. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदावर, घाईत, लांबून वाचलं जाईल असं अक्षर काढणं हे जाहिरातीतलं रोजचं काम. १९८३ साली जोशी मुंबईच्या आयआयटीत, तिथल्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवायला गेले. पुढे एनसीएसटी या सरकारी सॉफ्टवेअर संशोधन संस्थेत फाँटचं काम. तेव्हाच्या पडद्यावर ठिपके मोजके, म्हणजे तीच जुनी लढाई: जागा इवलीशी, मात्रा वर, उकार खाली. 'मंगल'च्या अक्षरांची पोटं, म्हणजे आतल्या जागा, मोकळी आहेत, ती मला या सवयीतून आलेली दिसतात. तमिळचा 'लता', कन्नडचा 'तुंगा', गुरुमुखीचा 'रावी' यांच्यामागेही तेच होते.

'मंगल'मधले ल आणि श हिंदी वळणाचे आहेत, ही तक्रार रास्त आहे, मीही करतो. जोशी २००८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वारले, नाहीतर त्यांच्याशीच भांडलो असतो. जाहिरातीतली बरीच मंडळी समोर बसलीत. पुढच्या कामात मराठी मथळा आधी लिहा, चौकट मागाहून आखा. आता प्रश्न विचारा.